इमामभाईचा दम आणि माझा

इमामभाईला घड्याळ कळत नव्हतं, आणि कळून घ्यायचंही नव्हतं. तो वेळ दमावर मोजायचा. नाक चिमटीत धरायचं, डोळे मिटायचे, दम सुटला की एक बोट मुडपायचं. चहा उकळायला तीन दम. आमच्या गावापासून वरवंडच्या बाजाराला चालत चाळीस दम. कुणाचं भाषण लांबलं तर तो पहिल्या रांगेत बसून नाक धरायचा, आणि भाषण करणाऱ्याला वाटायचं, आपल्याच अंगाला वास येतोय.

एकदा दौंडच्या ठेसनावर तिकीटबाबूनं सांगितलं, गाडीला अजून तास आहे. हा बाकावर बसला आणि दम मोजायला लागला. पाचव्या-सहाव्या दमाला तोंड वांग्यासारखं झालं. लोक धावले. "फेफरं आलं, फेफरं!" एकानं कांदा फोडला, एकानं पायातली चप्पल काढून नाकाशी धरली. आता नाकच चिमटीत, तर हुंगणार कसा? पण गड्यानं नाक सोडलं नाही, कारण मोजणी चुकली असती. गाडी आली तसा उठला आणि बाबूला म्हणाला, "सा दम लेट हाय तुमची."

धंदा त्याचा विहिरीत बुडी मारायचा. कुणाची घागर पडली, कुणाच्या इंजनाचा पाइप तळाला गेला, की इमामभाईला बोलावणं. आणि माणूस बुडालं तरी इमामभाईच. घागर काढली तर बाया त्याला भाकरी वाढायच्या. माणूस काढलं तर पंधरा दिवस त्याच्या ओट्याकडं कुणी फिरकायचं नाही. बायको वारलेली, पोरगी शिरूरला दिलेली, ती वर्षातून एकदा यायची. बाकी त्याच्या दारात रोज जाणारा माणूस एकच, मी. आणि मी जायचो ते भांडायला.

मी चौथी नापास आहे, पण खोटा नाही. म्हणून हे नीट सांगतो.

बुडी मारणाऱ्याच्या कमरेला दोरी असते आणि वर एक दोरीवाला असतो. मी इमामभाईचा दोरीवाला. ह्या कामाचा एक नेम आहे. खालचा दम धरतो तेव्हा वरच्यानंही दम धरायचा. वरच्याला खालच्याचा जीव कसा कळणार? आपल्याच छातीवरून. वरच्याचा दम संपला की त्यानं काही विचार न करता ओढायचं. खालचा रागावला तरी ओढायचं. त्याच्या वडलांनी घालून दिलेला नेम होता हा.

इंग्रजांच्या मोठ्या लढाईच्या वेळची गोष्ट. ज्वारी काढणीला आली होती. दौंडच्या अंगानं एक विमान धूर सोडत खाली आलं आणि गावामागच्या तलावात गेलं. मेंढरं वळणाऱ्यांनी आत दोन डोकी पाहिली होती. इमामभाईनं दुसऱ्या बुडीला एक माणूस वर आणला, मेलेलाच. गोरा, मिसरूड न फुटलेला, केस मक्याच्या कणसाला असतात तसे. पुण्याहून पलटणीची गाडी येऊन त्याला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी इमामभाई दुसऱ्या माणसासाठी उतरला. काठावर सारं गाव. मी दोरी धरली, दम धरला. छाती फुटायला आली, डोळ्यांपुढं काजवे चमकले, तेव्हा नेमाप्रमाणं ओढली.

इमामभाई वर आला तो खोकत आणि शिव्या देत. "हातात हात व्हता त्याचा! आलाच व्हता! ह्या अर्ध्या दमाच्या माणसानं घात केला!"

पलटणीचा गोरा साहेब आला होता, तोसुद्धा माझ्याकडं बघायला लागला. दुपारी तिथं पहारा बसला, कुणाला उतरू देईनात. पहारा उठला तोवर कॅनॉलचं पाणी येऊन तलाव भरला होता, वर चार पुरुष पाणी. दुसरा माणूस खाली राहिला आणि माझं नाव झालं अर्ध्या दमाचा.

सतरा वर्षं हे नाव मी वागवलं. पोरीच्या सोयरिकीला केंदूरहून पाहुणे आले, तर त्यातला म्हातारा चहाची बशी खाली ठेवून विचारतो, "तेच का तुम्ही, दोरीवाले?" वरवंडच्या बाजारात बैल घ्यायला गेलो, तर व्यापारी म्हणतो, "आप्पा, जास्त वढू नका, दम लागंल." लोक हसायचे. मी हसायचो नाही.

रोज दिवस कलला की मी इमामभाईच्या ओट्यावर जायचो आणि माझी बाजू मांडायचो.

"नेम तुझ्या बापाचाच व्हता का न्हाई?"

"बापानं दमदार माणूस धरून नेम केला व्हता. बिड्या वढणारा न्हाई."

"मी त्या दिवशी बिडी वढली नव्हती."

"आदल्या दिवशी?"

"आदल्या दिवशीची बिडी दुसऱ्या दिवशी कशी लागंल रे?"

"धूर काय घरी जातो व्हय, दिवस मावळला म्हणून?"

असं चालायचं. बायको म्हणायची, "रोज शिव्या खायला जाता, घरी काय भाकरी मिळत न्हाई?" मी म्हणायचो, न गेलो तर त्याचं खरं ठरंल. आणि मजा बघा, कुठल्याही विहिरीवर बोलावणं आलं तरी इमामभाई दोरी माझ्याच हातात द्यायचा. दुसरे तगडे गडी होते गावात. त्यांना म्हणायचा, "सरा मागं. आप्पा कुठं मेला?"

मग एका वर्षी पाऊस कमी झाला, तलाव निम्म्यावर आटला, सरकारनं गाळ काढायचं ठरवलं. कुणीतरी म्हणालं, विमानात बाँब असंल. झालं. मुंबईहून आरमाराची माणसं आली. रबराचा काळा पोशाख, पायात बेडकासारखे पंजे, पाठीवर हवेची टाकी. सारा गाव जत्रेसारखा जमला. इमामभाई टाकीभोवती एक चक्कर मारून आला.

"ह्यात काय हाय?"

"हवा," त्यांचा साहेब म्हणाला.

"म्हंजी उसना दम." इमामभाई थुंकला. "आन् दोरीवाला कोण तुमचा?"

साहेबानं एक शिपाई दाखवला.

"ह्यो दम धरतो का वर?"

"ये क्यों धरेगा?" साहेब हसला. "नीचे उसके पास घंटेभर की हवा है."

इमामभाईचं तोंड उतरलं. तो काठावर जाऊन बसला. त्यांचा टाकीवाला माणूस खाली गेला आणि हा नाक धरून मोजायला लागला. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची संपली, मग पहिल्यापासून. मी शेजारी उभा होतो. सांगायला लाज वाटते, पण मीही दम धरून बघितला.

माणूस वर आला, मुखवटा काढला, साहेबाशी बोलला. बाँब नव्हता. पण मागच्या खुर्चीत माणूस होता. हाडं राहिली होती. सरपंचांनी माझ्याकडं बघत मुद्दाम विचारलं, "त्या वेळी ह्याला काढता आला असता का हो?"

"नहीं," तो म्हणाला. "चार पट्टों से बँधा है. बकल टेढ़ा होकर अटका हुआ है. चाकू के बिना कोई नहीं निकाल सकता था. हाथ से तो बिलकुल नहीं."

साऱ्या गावानं ऐकलं. सरपंचांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सतरा वर्षांनी मी काठावर ताठ उभा राहिलो. हाडं पोत्यात घालून वर आणली, गाडीत ठेवली, गाडी गेली. इमामभाईनं साहेबाला विचारलं, "ह्याचं नाव काय व्हतं?" साहेबाला माहीत नव्हतं.

त्या दिवशी मी दिवस कलायची वाट बघितली नाही. सरळ त्याच्या ओट्यावर गेलो.

"ऐकलं का? आता बोल. दोरीनं घात केला का पट्ट्यानं?"

"पट्ट्यानं," इमामभाई म्हणाला. "मला ठाव हाय."

"आत्ता ठाव झालं."

"न्हाई. तवाच. दोनदा हिसडा दिला मी पट्ट्याला. तू वढलं तवा माझा बी दम सरलाच व्हता. न वढता तर मी बी तिथंच ऱ्हायलो असतो."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "मग सतरा वर्षं माझं नाव का घालवलं, भाड्या?"

तो मग म्हणाला, "तवा वर आल्याबरोबर रागात बोलून गेलो. रातच्याला सांगणार व्हतो तुला. पण तू भांडाया आला. दुसऱ्या दिवशी बी आला. म्हटलं, खरं सांगितलं तर उद्यापासून कशाला यील ह्यो? माझ्या ओट्यावर येतं कोण?"

मी उठलो. पायताणं हातात घेऊनच घरी आलो.

नंतर मी गेलो नाही. कुणाला वाटत असेल, चार दिवसांत विरघळलो असेन. मी विरघळणारा माणूस नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. दोनदा विहिरीवरून निरोप आला, मी दोरी धरायला गेलो नाही. दुसऱ्या कुणाच्या हातात दोरी देऊन तो उतरला का विचारलं, तर म्हणाले, उतरलाच नाही, कमर धरलीय सांगितलं.

संक्रांतीच्या आधी मी त्याच्या दारावरून चाललो होतो. आत बाजेवर बसला होता. मला बघून म्हणाला, "ये. काय म्हणती ज्वारी?" पाहुण्याला विचारावं तसं. मी म्हणालो, बरी हाय. तो म्हणाला, "थंडी लई हाय औंदा." मी म्हणालो, हाय. पुढं त्याच्याकडं बोलायला काही नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं. सतरा वर्षांत आम्ही दुसरं काही बोललोच नव्हतो.

माझा राग गेला नव्हता, आजही गेलेला नाही. पण तोंडातून निघून गेलं, आणि चांगलं मोठ्यानं निघालं, "पट्टा आसू दे न्हाई तर काय बी आसू दे, दोरी मी येळेआधीच वढली व्हती!"

त्यानं मान वर केली. डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं. खोटं त्याला लगेच कळलं.

"मी कवापास्नं काय सांगतोय मग?" तो म्हणाला आणि बाजेवर सरकून जागा केली. "बस. आन् आदल्या दिवशी किती बिड्या वढल्या, त्ये खरं सांग."

"एक बी न्हाई."

दिवे लागेपर्यंत भांडलो आम्ही. भिंतीपलीकडं पोरं शेकोटी करत होती. त्यांनी माझं पहिलं बोलणं तेवढं ऐकलं, आणि सकाळपर्यंत ते सगळ्या गावात पसरलं. मी पुन्हा अर्ध्या दमाचा.