जाधवरावांचा संगणक उठतो तेव्हा

आमचे शेजारी जाधवराव संगणक सुरू करत नसत, उठवत. बटण दाबलं की डब्यावर तळहात ठेवून उभे राहत आणि जमलेल्यांना बजावत, "दमानं घ्या. उठू द्या त्याला."

मुलांनो, तुमच्याकडची यंत्रं पापणी लवायच्या आत तयार होतात. जाधवरावांच्या यंत्राला चौदा मिनिटं लागत. मी घड्याळ लावून मोजली आहेत. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावू लागली की ते समजावून सांगत, "आता याददाश्त तपासतंय. आपण नाय का, उठल्यावर कुठं हाय ते बघत? आता कीबोर्ड जागेवर हाय का बघतंय. आता मालक कोण, ते विचारील."

मूळचे करमाडचे, सरकारी कचेरीतून निवृत्त, घरात एकटेच. वर्षं दुष्काळाची. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि भोवती नव्या इमारती मात्र उगवतच होत्या. टँकरसाठी अर्ज लागे आणि गल्लीत प्रिंटर फक्त जाधवरावांकडे. त्यामुळे संध्याकाळी चार-पाच जण त्यांच्याकडे हजर. संगणक उठेपर्यंत चहा व्हायचा आणि टँकरवाल्याचा यथेच्छ उद्धार.

"भाऊ, तुमचं यंत्र जागं होईपर्यंत टँकर येऊन जाईल!" समोरच्या कुलकर्णीबाई म्हणायच्या.

"जाऊ द्या की. साखर पुरंल का बघा."

मला वेळेची नासाडी बघवत नाही. एके दिवशी क्रांती चौकातून मी एक कारागीर बोलावला. त्यानं जुना भाग काढून नवा बसवला, सगळी प्रणाली नव्यानं भरली. वीस सेकंद! मी विजयी मुद्रेनं घड्याळ दाखवलं. जाधवरावांनी डब्यावर हात ठेवेपर्यंत पडदा उजळलासुद्धा.

"लई उपकार झाले, ताई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून लोक दारातूनच अर्ज घेऊ लागले. "वा भाऊ, आता कसं फटाफट!" म्हणत चप्पलही न काढता परत.

आठवड्यानं मी माझा अर्ज न्यायला गेले. ओट्यावर मोठं पातेलं, चहा काठोकाठ. खोलीत कुणी नाही.

"पाच जणांचाच होतो हातून," ते ओशाळून म्हणाले. "सवय हाय."

मी काय दुरुस्त करून बसले होते, ते मला तेव्हा कळलं. अर्ज घेतला, पिशवीत ठेवला आणि खुर्ची ओढून बसले.

"नातवंडांना पत्र टाइप करायचंय. लांबलचक आहे."

"मला एकाच बोटानं येतं, ताई."

"चालेल."

तेव्हापासून माझी पत्रं तुम्हाला टाइप होऊन येतात. एकेका पत्राला दीड तास लागतो, कारण मध्येच बोट थांबवून ते विचारतात, धाकटीचा दात आला का, थोरला तिथं बर्फात पडत तर नाय ना. आजचं पत्र मी हातानं का लिहिलं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल; त्यांचीच गोष्ट त्यांच्याच बोटाखालून कशी जाऊ देऊ? आणि दर पत्रात 'दूध पीत जा' दोनदा असतं ना? त्यातलं एक त्यांचं.