आप्पांचा हलका हात

आमच्या शेजारचे आप्पा जोगळेकर पियानो वाजवता वाजवता मधेच थांबत आणि एक बोट वर करून बसून राहत. नवखा पाहुणा चपला शोधू लागला की म्हणत, "बसा हो! आता बाकीचे वाजवतायत."

बाकीचे म्हणजे मोठा वाद्यवृंद. तो युरोपात. रत्नागिरीत फक्त आप्पा, त्यांची हापूसची बाग आणि खाऱ्या हवेने पट्ट्या फुगलेला पियानो. तरुणपणी गिरगावात एका गोवेकर मास्तरांकडे ते कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाने आलटूनपालटून वाजवायच्या रचना, शिकले होते, तेही एकोणिसाव्या शतकातल्या रोमँटिक काळातले, दर्यासारखे उसळणारे. आप्पा मात्र ते अगदी हलक्या हाताने वाजवत, त्याच्या आधीच्या पिढीच्या नितळ, आटोपशीर संगीतासारखे.

"आंबा चेपून बघतात काय? मग सूर कशाला चेपायचा? गळा काढला म्हणजे भावना झाली होय?"

आळीत रंगीत टीव्ही आले तरी हे व्याख्यान काही चुकलं नाही. मीही ते खरंच मानत होतो.

एका मे महिन्यात आप्पा पियानोच्या झाकणाची किल्ली घेऊन माझ्याकडे आले. मान वर होईना. त्यांच्या मुलीला, सुमतीला बघायला संध्याकाळी लांज्याची मंडळी यायची होती.

"ही ठेवा तुमच्याकडे. मागे संगमेश्वरचे आले तेव्हा मी जोर लावून वाजवलं. सुमतीची गेलेली आई आठवली नि हुंदकेच फुटले हो! पाहुण्यांदेखत! बाप भ्रमिष्ट म्हणून स्थळ मोडलं. पोर अवाक्षर बोलली नाही. तेव्हापासून हात हलका केला. तिला तोंड दाखवायची लाज वाटते मला."

मी किल्ली खिशात टाकली. ते गेले आणि थोड्या वेळाने सुमतीच दारात उभी.

"काका, किल्ली द्या."

"अगं, पण आप्पा..."

"आप्पा रडतात हे लग्नानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. ज्यांना चालेल, त्यांच्याकडेच जाईन मी."

संध्याकाळी मीही गेलो. पोह्यांच्या बशा फिरण्याआधीच सुमतीने पियानो उघडला, आप्पांना दंडाला धरून बसवलं आणि त्यांच्या मांडीवर धुतलेला पंचा ठेवला.

"जोरात वाजवा, आप्पा."

आप्पा शरमेने अर्धमेले झाले होते. पण त्यांनी वाजवलं, खांद्यापासून जोर लावून, आणि व्हायचं तेच झालं. दोन्ही हात पट्ट्यांवर गुंतलेले. तेव्हा सुमतीनेच पंचा उचलला आणि सगळ्यांदेखत त्यांचे डोळे पुसले.