सबनीसांचा फीविरोधी लढा

सबनीस रविवारी उपाशी राहतील, पण रविवारी एटीएममधून पैसे काढणार नाहीत. जपानमध्ये सुट्टीच्या दिवशी स्वतःचेच पैसे काढायला थोडी फी पडते. ती वाचवायला टोकियोजवळच्या उरायासुतले आमचे हे शेजारी सरळ माझ्याकडे जेवायला येतात. वर "आपण का म्हणून द्यायची?" हे माझ्याच ताटावर बसून मला विचारतात.

मुंबईच्या एका ट्रेडिंग कंपनीने हिशेब बघायला यांना इथे पाठवलं आणि बहुधा परत बोलवायला विसरली. पगार उत्तम. बायको इथेच वारली. मुलगी मृणाल इथेच शिकली आणि नोकरीसाठी अमेरिकेत गेली. दर महिन्याला ती तिथल्या कोपऱ्यावरच्या मनी ट्रान्सफरच्या दुकानातून बाबांना थोडे पैसे धाडायची.

मग मृणाल राहते त्या राज्याने परदेशी जाणाऱ्या अशा पैशांवर फी बसवली. बाहेरून आलेल्यांना शोधायचा, धरायचा, हाकलायचा खर्च त्यातून भागवायचा म्हणे. सबनीसांना आयतं कोलीत मिळालं. लिफ्टमध्ये, कचऱ्याच्या पिशव्या ठेवताना, जो सापडेल त्याला ते धरायचे. "माणसाला हाकलायच्या गाडीचं भाडं त्याच्याच खिशातून घेतात." मला हे पटलं, याचाच मला जास्त राग आला.

शेवटी त्यांनी मृणालला बजावलं की त्या सरकारला दमडी द्यायची नाही, पैसे पाठवणं बंद. तिने मुकाट्याने बंद केलं. सबनीस आठवडाभर अमेरिका जिंकल्यासारखे हिंडले.

नंतर मात्र त्यांचं बोलणं आटलं. एका रविवारी जेवता जेवता मी सहज विचारलं, मृणाल कशी आहे?

"माहीत नाही," ते म्हणाले.

मग अडखळत सांगू लागले. इथल्या काउंटरवर पैसे मिळायला एक नंबर द्यावा लागतो. तो सांगायला ती फोन करायची. आकडे लिहून झाले की थोडं इकडचंतिकडचं बोलायची. तेवढाच तिचा फोन असायचा.

मी म्हटलं, मग तुम्ही करा की.

"कारण काय सांगू?"

त्यांनी भात तसाच ठेवला. मग उठून खिडकीशी गेले आणि त्यांनी फोन लावला. "मृणाल, पैसे पाठवत जा. फी पडली तर पडू दे."

पलीकडून तिने काहीतरी विचारलं.

सबनीस माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "हो गं. फार गरज आहे."