मळीच्या टाकीखालचा सुरक्षा सप्ताह

"माझ्या हयातीत या कारखान्यात मळीचा एक थेंब जमिनीवर पडणार न्हाई," असं गोपीचंद बायकोला, न्हाव्याला आणि गंगाखेडच्या एसटी स्टँडवर भेटेल त्या ओळखीच्याला सांगायचा. गोदाकाठच्या एका साखर कारखान्यात तो सुरक्षा अधिकारी होता. म्हणजे दारावर तशी पाटी होती. नोकरी कंत्राटी, दर हंगामाला नवी. घरी पंकजा भाकरी वाढता वाढता रोज एकच विचारायची, "पक्के कधी व्हणार तुमी?"

यंदा ते जमणार होतं. सुरक्षा सप्ताहाच्या कार्यक्रमात चेअरमन किशनराव स्टेजवरूनच गोपीचंदला कायम केल्याचं जाहीर करणार होते. त्यांच्या पीएनं, बन्सीधरनं, तसा शब्द दिला होता. कार्यक्रम मळीच्या मोठ्या टाकीपाशी घ्यायचा, ही अक्कल मात्र गोपीचंदची स्वतःची.

मळी म्हणजे साखर काढल्यावर उरणारा काळा, चिकट पाक. तिची ही टाकी तीन मजली घराएवढी. तिच्याभोवती छातीइतकी भिंत. टाकी फुटली किंवा उतू गेली तर सगळी मळी या भिंतीच्या आतच मावली पाहिजे, बाहेर नाल्यात एक तांब्यासुद्धा जाता कामा नये, असा नियम. म्हणून त्या भिंतीला दार नसतं. एका बाजूनं पायऱ्या चढायच्या, दुसऱ्या बाजूनं उतरायच्या.

बन्सीधर जागा बघायला आला आणि पायऱ्यांपाशीच थांबला.

"बाहेर ऊन बघा केवढं हाय. मंडप भिंतीच्या आत घ्या, टाकीची सावली पडती. आन् साहेबांचे गुडघे दुखायलेत, ते ह्या पायऱ्या चढायचे न्हाईत. मंडप भिंतीच्या आत घ्या, टाकीची सावली पडती. गाडी जाईल एवढी भिंत फोडा."

"आत माणसं बसवायची न्हाईत, नियम हाय. आन् भिंत तर फोडायचीच न्हाई."

"बरं," बन्सीधर शांतपणे म्हणाला. "मग तुमचं कायम व्हायचं पुढच्या सालच्या सप्ताहात बघू."

भिंत त्याच दुपारी फुटली. गोपीचंदनं स्वतः उभं राहून फोडून घेतली, निदान सरळ रेषेत तरी फुटावी म्हणून. भगदाडावर झेंडूची कमान लावल्यावर ते इतकं शोभून दिसायला लागलं, की ही भिंत मुळात कमानीसाठीच बांधली असावी असं कोणालाही वाटलं असतं.

कार्यक्रमाच्या दिवशी गाळप जोरात चालू होतं आणि टाकीत गरम मळी पडत होती. ती वर चढवणाऱ्या, टाकीमागच्या पंपावर बजरंग होता. चुडाव्याच्या ऊसतोड्यांचा पोरगा, घराण्यात कोयता खाली ठेवणारा पहिलाच माणूस. त्याच्या पाळीत टाकी कधी उतू गेली नाही, म्हणून 'दक्ष कामगार' म्हणून त्याचा सत्कार ठेवला होता.

"सायेब, टाकी भरत आलीय," बजरंग म्हणाला. "मी हितंच थांबतो. शाल मागून द्या."

"मग चेअरमन शाल काय हवेला पांघरणार का? पंप बंद कर आन् चल."

"बंद केला तर मळी आत तुंबती, गाळप थांबतं. साहेब लोक मलाच धरतील."

"मग चालू ठेव. दोन मिनिटांचं तर काम हाय. मी सांगायलोय ना, चल."

साहेबानं सांगितलं म्हटल्यावर बजरंग आला. पण आपल्याकडं सत्कार म्हणजे काही नुसती शाल नव्हे. आधी फेटे. फेटेवाला एकच, आणि डायरेक्टर अकरा. मानाप्रमाणे एकेक डोकं बांधत तो बजरंगपर्यंत पोचला, तोवर किशनरावांचं भाषण सुरू झालं होतं. चेअरमन बोलत असताना स्टेजवरून उठायचं नसतं. नियमांच्या पुस्तकात हे कुठं लिहिलेलं नाही, पण साऱ्या कारखान्यात तंतोतंत पाळला जाणारा नियम हा एवढाच.

"सुरक्षा म्हणजे काय?" किशनरावांनी विचारलं आणि उत्तर शोधत ते पार आपल्या बालपणापर्यंत मागं गेले.

तेवढ्यात भोंगा वाजला. टाकी काठोकाठ आली की वाजतो तो. पण भाषणानंतर भोंगा वाजवून, सगळ्यांनी पळून दाखवायचं मॉकड्रिलही कार्यक्रमात होतंच.

"वा गोपीचंद," किशनराव माईकवरून म्हणाले, "जरा लवकर वाजवलात, पण लय भारी." मंडपात टाळ्या पडल्या.

गोपीचंद उठून उभा राहिला. "साहेब, हे खरं हाय! पळा!"

"काय अ‍ॅक्टिंग करायलाय," बन्सीधर शेजारच्या डायरेक्टरला म्हणाला.

गोपीचंद जेवढा जीव तोडून ओरडला, तेवढ्या टाळ्या वाढल्या. बजरंग फेट्यासकट उडी मारून पंपाकडं धावला, तर पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. मग टाकीच्या अंगावरून ती काळी, ऊन ऊन धार खाली आली आणि बन्सीधरच्या पांढऱ्या सफारीवर तिचे शिंतोडे उडाले, तेव्हा कुठं टाळ्या थांबल्या.

मळी पाण्यासारखी धावत नाही. ती जावयासारखी सावकाश येते आणि आली की हलायचं नाव घेत नाही. माणसं भगदाडाकडं पळाली, तर तिथं चेअरमनची गाडी आडवी उभी. त्यामुळं भिंत पुन्हा अखंड झाली होती आणि नियमाप्रमाणं सगळं आतच राहिलं होतं, डायरेक्टर बोर्डासकट. चपला रुतल्या, खुर्च्या चिकटल्या. ज्या गुडघ्यांना पायऱ्या जमत नव्हत्या, ते छातीभर भिंत चढून सगळ्यात आधी पलीकडं गेले. मग ड्रायव्हर घाबरला, त्यानं गाडी मागं घेतली आणि मळी कमानीखालून ऐटीत नाल्याला गेली.

जीव कोणाचा गेला नाही. भाजलं मात्र बजरंगला, पोटऱ्यांपर्यंत, कारण पंप बंद करायला तो एकटाच उलट्या बाजूला, गरम धारेकडं धावला होता.

चौकशी बसली. भिंतीचं काही काढायचं नाही, असं बन्सीधरनं आधीच सांगून ठेवलं होतं. पट्टी बांधलेल्या पायांनी बजरंग गोपीचंदच्या दारात आला.

"सायेब, तुमी बोलावलं म्हणून मी पंप सोडला. एवढंच सांगा, दुसरं काही नको."

"सांगतो की," गोपीचंद म्हणाला. तेव्हा तो खरंच सांगणार होता.

चौकशीत किशनरावांनी विचारलं, "पंप सोडून हा गेलाच कसा? तुमी त्याला नियम सांगितले न्हवते का?"

"सांगितले होते, साहेब," गोपीचंद म्हणाला. शब्दन्शब्द खरा होता तो.

बजरंगला काढून टाकलं. प्रसंगावधान राखून सर्वांना सावध केल्याबद्दल गोपीचंदला कायम केलं.

पंकजानं त्या दिवशी गंगाखेडहून पेढे आणवले, साऱ्या कॉलनीत वाटले आणि शेवटी चार पेढे वाटीत वेगळे काढले.

"बजरंगभाऊचं घर बंद दिसायलंय. गावाकडं गेले का ते? फोन करून सांगा तरी त्यान्ला. लय आनंद व्हईल. तुमच्यासाठी लय जीव टाकायचे ते."

गोपीचंदनं फोन हातात घेतला, अंगणात गेला, जरा वेळ उभा राहिला आणि परत आत आला.

"रेंज न्हाई," तो म्हणाला.

फोनवर रेंजच्या चारही काड्या उभ्या होत्या.