शेवट न पाहण्याची शिस्त

मत ही माणसाची मूलभूत गरज आहे. अन्नावाचून माणूस काही दिवस काढतो, पाण्यावाचून त्याहून थोडे कमी. पण चारचौघांत एखाद्या चित्रपटाचा विषय निघाला आहे आणि आपल्यापाशी त्यावर मतच नाही, अशा अवस्थेत तो हातातला चहा गार होईपर्यंतसुद्धा टिकत नाही. एकतर मत देतो, नाहीतर फोन आल्याचं सोंग करून गॅलरीत जातो.

आमच्या घराने ही गरज वेळीच ओळखली. दर रविवारी दुपारी जेवणं उरकली की मी बैठकीच्या खोलीचे पडदे ओढायचो (मी घरात धाकटा, त्यामुळे पडद्यांचं खातं माझ्याकडे) आणि एखादा कौटुंबिक विनोदी चित्रपट किंवा कार्टूनपट लावला जायचा. पाहिला जायचा असं मी म्हणत नाही. विसाव्या मिनिटाला बाबा रिमोट उचलायचे, चित्र जागच्या जागी थांबवायचे आणि म्हणायचे, "हं. मतं." पडद्यावर त्या क्षणी जो कोणी हवेत असेल तो हवेतच राहायचा. आमच्याकडचा एक उंदीर चार वर्षं दरीवर लटकलेला होता.

या प्रथेमागे कुणाची दूरदृष्टी नव्हती, हे प्रामाणिकपणे नमूद केलं पाहिजे. एका रविवारी चित्रपट सुरू असताना विसाव्या मिनिटाला वीज गेली. करायला काही नव्हतं म्हणून सगळ्यांनी अंधारात मतं दिली, आणि ती इतकी रंगली की तासाभराने वीज आली तेव्हा सगळ्यांच्याच कपाळाला आठ्या पडल्या. पुढच्या रविवारी वीज गेलीच नाही. बाबा थोडा वेळ वाट पाहत बसले, मग म्हणाले, "आपण काय विजेच्या भरवशावर जगायचं?" आणि त्यांनी बटण दाबलं. तेव्हापासून आमच्या कुटुंबाने तीनशेच्या वर चित्रपटांवर मतं दिली. त्यांपैकी एकही चित्रपट पूर्ण पाहिलेला नव्हता आणि एकही मत मागे घ्यावं लागलं नव्हतं. (मालिकांना वीस मिनिटंही लागत नसत. शीर्षकगीत पुरायचं.) शेवटी शितावरून भाताची परीक्षा हे आपल्या पूर्वजांनीच सांगून ठेवलं आहे. अख्खं पातेलं संपवून मग "भात कच्चा होता" म्हणणाऱ्याला कोण विचारतो?

शिवाय तत्त्वाचाही प्रश्न आहे. बाबांचं म्हणणं असं, की शेवट पाहून दिलेलं मत आपलं राहतच नाही, ते चित्रपटाचं होतं.

आता सभासदांविषयी. बाबा वजनमापे तपासणारे निरीक्षक. तराजू पाहिला की तो खोटा असणार अशी त्यांची धारणा असते, आणि विनोदाकडेही ते त्याच नजरेने पाहतात. आई शाळेत गणित शिकवते. कार्टूनमधली पात्रं कड्यावरून जमिनीवर यायला जो वेळ घेतात तो तिला मान्य नाही. मामा आग विझवण्याची नळकांडी विकतो आणि बहिणीकडेच राहतो. कुठलाही कौटुंबिक चित्रपट लागला की त्याची एकच हरकत असते: "एवढी माणसं एका घरात कोंबलीत, आणि बाहेर पडायला दार एकच?" आजी पहिल्या मिनिटालाच झोपते. तिचं मत म्हणूनच सर्वांत निःपक्षपाती मानलं जातं, आणि त्यावर अपील नाही. ती जागी होऊन जे म्हणेल तो निकाल.

उरली ताई. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. तिचं लग्न ठरत नव्हतं, त्याला कारण म्हणजे बैठकीच्या खोलीतली हीच कार्यपद्धती पाहुण्यांनाही लागू होती. याआधीचे तिघे चहाच्या कपासह विसाव्या मिनिटाला थांबवले गेले होते. पहिल्यावर आईने मत दिलं की त्याला शेकडेवारी येत नसावी. दुसरा दाराकडे पाठ करून बसला, हे मामाला खटकलं. तिसऱ्यावर आजी झोपेत "हूं" म्हणाली, आणि तो "हूं" नकारार्थी धरण्यात आला.

चौथे आले ते जनावरांचे डॉक्टर. या वेळी ताईने आम्हाला कोपऱ्यात गाठून दम दिला होता. "हा मला आवडलाय. खरंच आवडलाय. हे जर तुम्ही बिघडवलंत ना, तर मी दुकानावरच राहायला जाईन." ती दुकानावर राहायला जाणार म्हणजे जाणारच, हे आम्हाला ठाऊक होतं. तिचा उशीचा अभ्रा दोन दिवसांपासून गायब होता.

तेव्हा बाबांनी चित्रपट मुद्दाम पाहुण्याच्या सोयीचा निवडला. एक साळिंदर केस कापायचं दुकान उघडतं, पण काटे टोचतील या भीतीने गिऱ्हाईकच फिरकत नाही. जनावरांच्या डॉक्टराला मत द्यायला याहून सोपा चित्रपट कुठला? साळिंदराचा अंगठा असा नसतो, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

डॉक्टर आले, बसले, आणि तिसऱ्या मिनिटाला हसले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्याकडे चित्रपट चालू असताना हसत नसत, हसलं की मत आधीच फुटायचं. ते मात्र खदाखदा हसत होते, मांडीवर थाप मारत होते, मध्येच "अरे अरे अरे, आता हा शिंकणार!" असं साळिंदराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगत होते. विसाव्या मिनिटाला एक म्हातारी मेंढी, जिच्या अंगावर कापण्यासारखं काही उरलंच नव्हतं, दुकानाच्या पायरीवर पाय ठेवत होती, तेवढ्यात बाबांनी तिला थांबवलं.

"तर डॉक्टर, तुमचं मत?"

"मत?" डॉक्टर गोंधळले. "अहो काका, पण ती आत येतेय."

"मेंढीचं राहू द्या. एकंदरीत?"

"एकंदरीत..." डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं, मग ताईकडे, मग पुन्हा पडद्याकडे. "ती येईल ना आत?"

मामाने दाराकडे पाहिलं. बाबा सौम्यपणे म्हणाले, "म्हणजे तुम्हाला मत नाही."

"शेवट बघितल्याशिवाय कसं सांगू?"

हे वाक्य आमच्या घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. आईने पदर सावरला. बाबा निकाल द्यायला घसा खाकरतात तसे खाकरले, आणि ताई उभी राहिली.

"बाबा, पुढे लावा."

"पुढे?" आई म्हणाली. "अगं, पुढे काय असतं?"

"मला काय माहीत! या घरात कुणाला माहितीये?" ताई म्हणाली. "तिघांना अर्ध्यात उठवलंत. याला तरी शेवटपर्यंत बसू द्या. माणूस आहे तो, वजनमाप नाही!"

वजनमापाचा उल्लेख बाबांना लागला असावा, कारण त्यांनी रिमोट मुकाट्याने पुढे केला. पुढे चालू करायचं बटण वापराअभावी इतकं घट्ट झालं होतं की मामाला दोन्ही अंगठे लावावे लागले.

मेंढी आत आली. खुर्चीत बसली. म्हणाली, "कापायचं काही नाही रे बाळा, नुसती बसते." आणि आईने माझा हात धरला. तिथून पुढे आमच्या घराचा ताबा सुटला, हे कबूल करायला हवं. गावातली सगळी जनावरं पोटाला उशा बांधून, डोक्यावर पातेली घालून साळिंदराला मिठी मारायला निघाली. साळिंदर शिंकलं. काटे उशांत रुतले. ते पार तुळतुळीत झालं, आणि त्याची स्वतःची आई त्याला न ओळखता म्हणाली, "दुकानदार कुठे गेला?" मामा खुर्चीसकट आडवा झाला आणि पडल्या पडल्या हसत राहिला, बाहेर पडायचं दार कुठे आहे हे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच सांगता आलं नसतं. आई रडत होती की हसत होती, हा हिशेब तिला स्वतःलाही जुळला नाही. बाबा चष्मा पुसत होते, तो नाकावर असतानाच.

या गदारोळात आजी जागी झाली. समोर पडद्यावर टक्कल पडलेलं साळिंदर मोठ्याने हसत होतं. आजीने ते नीट न्याहाळलं.

"हाच का तो मुलगा?"

"आजी, ते साळिंदर..." मी म्हणालो.

"हसरा आहे गं पोरगा. द्या त्याला," आजी म्हणाली आणि झोपली.

त्यावर अपील नव्हतं. लग्न साळिंदराच्या गुणांवर मंजूर झालं आणि डॉक्टरांशी लागलं. त्यांनी तक्रार केली नाही. ताईने तर आजीला तिच्या झोपेतच मिठी मारली.

आमचं घर मात्र त्या दिवसापासून वाया गेलं. त्या दुपारी बाबांनी शेवटचा प्रयत्न म्हणून मतं मागितली, तर आई "चांगला होता" एवढंच बोलली आणि लाजली. बाबा थोडं थांबून म्हणाले, "परत लावू का?" आता आम्ही सगळं शेवटपर्यंत पाहतो आणि लोकांत गेल्यावर दगडासारखे बसून राहतो. एकेकाळी ज्या घराला विचारल्याशिवाय शेजारीपाजारी कुठल्याही कार्टूनला नावं ठेवत नसत, त्या घराला आज कुणी हिंग लावून विचारत नाही. तो दरीवरचा उंदीर परवा आम्ही सोडवला. खाली गवताची गंजी होती. चार वर्षं आम्ही त्याला निष्काळजी म्हणत होतो. त्याला ती गंजी वरून दिसत होती.

आता राहिलं प्रस्तुत लिखाण. ज्यांनी हे दुसऱ्या परिच्छेदातच खाली ठेवलं, त्यांची मतं तयार आहेत आणि ती ठाम आहेत. तुम्ही शेवटपर्यंत आलात, म्हणजे आमच्या जुन्या नियमाप्रमाणे अपात्र ठरलात. वाईट वाटून घेऊ नका. आज ना उद्या त्यांच्यापैकी कुणीतरी तुम्हाला गाठेल आणि हे कसं फसलं आहे ते समजावून सांगेल. तुम्ही "अहो, पण शेवटी..." म्हणायला तोंड उघडाल, समोरच्याचा आत्मविश्वास पाहून ते मिटाल, मान डोलवाल, आणि परवा तेच मत आपलं म्हणून तिसऱ्याला सांगाल.