शेवाळीची ललकारी

एका जंगलात, मुलांनो, एक नदी होती. नदी म्हणायचं म्हणून नदी. चैत्रात तिचं पाणी इतकं आटायचं की बेडकालासुद्धा गुडघे टेकून पोहावं लागे. उरायचा तो एक डोह. त्या डोहाच्या काठाला बिळं होती आणि बिळांत मागूर राहत. मागूर म्हणजे मिशावाला मासा. मिशा मोठ्या, अंग बुळबुळीत, आणि कल्ल्यामागे असा काटा की टोचला तर वाघही आईला हाक मारतो.

त्या काठावर पाणमांजरं राहायची. त्यांच्यात एक पद्धत होती. चैत्रातल्या एका दिवशी तरुण पाणमांजरांनी डोहात उतरायचं. जो स्वतःच्या हातानं मागूर धरील त्याला काठावरची एक कपार मिळायची, कायमची. अट एकच. बिळात हात घालण्याआधी बिळाच्या तोंडाशी उभं राहून मोठ्यानं ललकारी द्यायची. न सांगता धरणं हे बगळ्याचं काम, असं वाडवडील सांगून गेले होते. बगळ्याला कुणी विचारलं नव्हतं.

आता गंमत अशी, की मागराच्या बिळाला मागून दुसरं तोंड असतं. पुढून ललकारी आली की मागूर मागून निघून जाई. त्यामुळे कित्येक वर्षांत कुणाला मागूर मिळाला नव्हता. काठावरच्या कपारी रिकाम्या पडल्या होत्या आणि सगळी तरुण पिढी कुणा ना कुणा मावशीकडे राहत होती.

शेवाळीही मावशीकडेच राहायची.

शेवाळी फार दचकायची. पान पडलं, दचकली. पान पडायचं थांबलं, तरी दचकली. एकदा पाण्यात स्वतःचं तोंड पाहून तिनं नमस्कार केला होता आणि माफी मागितली होती.

"यंदा शेवटचं," मावशी म्हणाली. "माझी चार पोरं, त्यात तू. रात्री कुणाचं शेपूट कुणाच्या नाकात, काही कळत नाही. कपार मिळाली तर ठीक. नाही तर तुला धरणावर आत्याकडे पाठवते."

धरणाचं नाव ऐकूनच शेवाळी दचकली. धरणावर दारं उघडायच्या आधी भोंगा वाजतो, हे तिनं ऐकलं होतं. दिवसातून कधीही वाजतो, हेही ऐकलं होतं.

"मावशी, मी कोपऱ्यात बसून झोपेन."

"कोपरा धाकट्याला दिलाय."

मग मावशीनं तिला कोल्हेसरांच्या शिबिरात घातलं. कोल्हेसर जंगलात 'निर्भय मासेमारी' शिकवत. ते स्वतः पाण्यात उतरत नसत. अंग ओलं झालं की विचार ओले होतात, असं ते म्हणत.

"भीती कुठे असते?" सरांनी विचारलं.

"बिळात," शेवाळी म्हणाली.

"चूक. भीती मनात असते. बिळात फक्त मागूर असतो."

"सर, मला त्याचीच भीती वाटते."

सरांनी तिला मागच्या रांगेत बसवलं.

तो दिवस उजाडला. काठावर सगळं जंगल जमलं. पंच म्हणून कासवआबा दगडावर येऊन बसले होते. निघाले होते आदल्या आठवड्यात. अस्वलदादा बघायला आले होते आणि बघता बघता शिंपले खात होते. तरुण पाणमांजरं छाती काढून बिळांपुढे उभी राहिली.

"मागरा, असशील तर बाहेर ये," पहिल्यानं ललकारी दिली.

दुसऱ्यानं त्याच्याहून मोठ्यानं दिली. तिसऱ्याच्या ललकारीनं झाडावरची वटवाघळं उठली. डोह नुसता दणाणून गेला. शेवाळी हळूहळू मागे सरकली. डोहाच्या कडेला उंबराचा एक पोकळ ओंडका अर्धा पाण्यात पडला होता. ती कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यात शिरली आणि डोळे मिटून बसली.

आत अंधार होता, गार होतं, शांत होतं. तिला बरं वाटलं. मग पाणी हललं. काहीतरी आत आलं. त्याच्यामागे आणखी काही आलं.

"जरा सरकता का?" कुणीतरी म्हणालं. "बाहेर फार ओरडा आहे."

"हो, या ना," शेवाळी डोळे न उघडताच म्हणाली. "मीही त्यालाच भिऊन आले."

"आम्ही दरवर्षी येतो. इथं शूर कुणी येत नाही, हे एक बरं आहे. आपण कोण?"

एवढ्यात एक मिशी तिच्या गालावरून फिरली.

शेवाळीनं जी किंकाळी फोडली, तशी त्या नदीवर आजवर कुणी फोडली नव्हती. ती हात झाडत बाहेर पळायला गेली, तो मुठीत काहीतरी बुळबुळीत आलं आणि तळव्यात काटा रुतला.

"सोडा," मागूर म्हणाला.

"तुम्ही सोडा," शेवाळी रडत म्हणाली. "तुमचाच काटा आहे."

अशी ती हाताला लोंबणारा मागूर घेऊन काठभर धावली आणि कासवआबांच्या दगडावर जाऊन आपटली. आबांनी मान आत घेतली. बऱ्याच वेळानं बाहेर काढली.

"मासा आहे," ते म्हणाले. "पण ललकारी दिली होती का?"

"आबा, मी घाबरले होते."

"ते विचारलं नाही. मासा धरायच्या आधी आवाज झाला की नाही?"

"झाला," अस्वलदादा झाडावरून म्हणाले. ते तिथे कधी चढले, त्यांनाही ठाऊक नव्हतं. "आधी आवाज, मग मासा. असली ललकारी मी बापजन्मात ऐकली नाही. माझे शिंपले खाली राहिले, कुणी वर देईल का?"

आबांनी कपार दिली. मावशीनं डोळे पुसले आणि त्याच संध्याकाळी शेवाळीचं अंथरूण पोचतं केलं.

"माझी विद्यार्थिनी," कोल्हेसर सगळ्यांना सांगत होते. "मागच्या रांगेत मी मुद्दामच बसवली होती."

पुढच्या वर्षी सरांनी नवं शिबिर काढलं. नाव, 'शास्त्रशुद्ध दचकणे'. जागा मिळेना इतकी गर्दी. तो दिवस आला तेव्हा बिळांपुढे कुणीच उभं राहिलं नाही. सगळी तरुण पिढी त्या ओंडक्यात घुसली आणि एकमेकांना मिशा लावून दचकत बसली. ललकारी कोण देणार? मागूर आपापल्या बिळात दुपारपर्यंत लोळत पडले.

सबंध काठ शांत होता. शेवाळी आपल्या कपारीत उताणी झोपली होती. एक पान तिच्या पोटावर पडलं. तिनं एक डोळा उघडला, पान बाजूला केलं आणि कूस बदलली.

तात्पर्य : मुलांनो, भित्रं असण्यात कमीपणा नाही. फक्त आपल्या वाटचं ओरडायला आजूबाजूला पुरेसे शूर आहेत ना, एवढं आधी बघून घ्यावं.