झकियाच्या नावाची पाणपोई

बायको गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी बशीर जझीरीने घराच्या भिंतीला पाणपोई बसवली, आणि आठवडा उलटला तरी गल्लीतल्या एकाही माणसाने तिथे दुसरा पेला भरून घेतला नाही.

टाकीत काही खोट नव्हती. चकचकीत स्टीलची टाकी, दोन नळ, साखळीला बांधलेले दोन पेले आणि वर संगमरवरी पाटी : 'झकिया जझीरीच्या आत्म्यासाठी. पाणी प्या, दुवा द्या.' आमच्या नाबुल गावात गेलेल्या माणसासाठी करण्यासारखं याहून चांगलं काही नाही. वाटसरू जेवढं पाणी पितो तेवढं पुण्य तिकडे पोचतं. पण त्यासाठी ते पाणी कुणीतरी प्यायला तर हवं. इथे माणूस यायचा, एक घोट घ्यायचा, तोंड वाकडं करायचा आणि उरलेला पेला हळूच कडेच्या जास्वंदीच्या बुडाशी ओतायचा. जास्वंद फोफावली. झकियाला मात्र काही पोचत नव्हतं, आणि बशीर खिडकीच्या जाळीआड बसून हे रोज बघत होता.

कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. बशीर पाणी खात्यात नमुने घेण्याच्या कामावर होता. मशिदीचा नळ, शाळेचा नळ, बेकरीचा नळ, सगळीकडे पेटी घेऊन हिंडायचं, बाटलीत पाणी घ्यायचं, त्यात पांढरी गोळी टाकायची. पाणी गुलाबी झालं की त्यात क्लोरीन आहे, म्हणजे लोकांनी खुशाल प्यावं. नाही झालं, तर धावपळ. या कामामुळे लोक त्याला 'गुलाबी बशीर' म्हणायचे. निवृत्तीला वर्ष उरलं होतं आणि आजवर त्याच्या हद्दीत पाण्यामुळे कुणाचं पोट बिघडलं नव्हतं. याचा त्याला एवढा अभिमान होता की पाण्याला क्लोरीनचा जरा वास आला की त्याचा चेहरा खुलायचा. आता तर झकियाच्या नावाचं पाणी. त्यात जंतू सापडला तर तिला वर तोंड कसं दाखवणार? म्हणून नळातून येणाऱ्या क्लोरीनवर समाधान न मानता तो रोज सकाळी स्वतःच्या हाताने टाकीत आणखी थोडं घालायचा. नवा माणूस पहिला घोट घेऊन डोळे मिटून घ्यायचा.

"सी बशीर, पाणी आहे की पोहण्याचा तलाव?" शेजारच्या लल्ला मोंजियाने एकदा विचारलंच. आमच्याकडे मानाने पुरुषाला 'सी' म्हणतात, बाईला 'लल्ला'. लल्ला मोंजिया म्हणजे गल्लीतली सगळ्यात जुनी बाई. तिला कुणी गप्प बसा म्हटलेलं ऐकिवात नाही.

"वास म्हणजे खात्री, लल्ला."

"खात्री तुम्ही ठेवा. आम्हाला तहान लागलीय."

"मग प्या ना."

"झकियाच्या घरी प्यायचो की. तिच्या सुरईतलं पाणी म्हणजे... असो. अल्ला तिच्यावर रहम करो."

हे 'असो' बशीरच्या काळजात रुतलं. झकिया दर वसंतात संत्र्याची फुलं विकत घ्यायची, गच्चीवर तांब्याच्या भांड्यात त्यांचा अर्क काढायची आणि गवतात गुंडाळलेल्या बाटल्यांमध्ये भरून ठेवायची. त्या फुलपाण्याचे चार थेंब पिण्याच्या सुरईत पडले की सगळं घर दरवळायचं. बशीरला हे कधी बोलून दाखवता आलं नाही, पण संसारभर त्याला त्या चार थेंबांचं दुःख होतं. तो कामावरून आला की ती म्हणायची, "हात धुवा आधी." त्याने मनाशी धरलं होतं की तिला त्याच्या कामाचा वास सहन होत नाही. माणूस जन्मभर जे काम करतो, त्याचाच बायकोला उबग यावा, हे काय सुख झालं? पण विचारायची हिंमत कधी झाली नाही, आणि आता विचारणार कुणाला?

स्वयंपाकघराच्या फळीवर तिच्या हातची एकच बाटली उरली होती. बशीर दोन दिवस तिच्याकडे बघत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने ती उतरवली आणि पाणपोईच्या टाकीत झाकणभर ओतलं. मग वाटलं, टाकी मोठी आहे, आणखी एक झाकण. मग वाटलं, तिचीच पाणपोई आहे, तिला आवडायचं तसं होऊ दे. पाव बाटली संपली. उन्हाच्या दिवसांत असलं काही पाण्यात घातलं की क्लोरीन भराभर उडून जातं, हे गल्लीत फक्त त्यालाच ठाऊक होतं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याने त्याचा नळ बंद करून वर भाषणही दिलं असतं. पण त्या सकाळी त्याने क्लोरीन घालायचंही टाळलं. वास भांडायला नको म्हणाला.

दुपारपर्यंत रांग लागली.

टॅक्सीवाले गाडी थांबवून उतरायला लागले. बाजारातून येणाऱ्या बायका पिशव्या खाली ठेवून प्यायच्या आणि वर बघून म्हणायच्या, "अल्ला रहम करो गं तुझ्यावर, झकिया." पेल्यांना उसंत नव्हती आणि जास्वंद तहानेने मान टाकायला लागली. जाळीआड बसलेला बशीर प्रत्येक दुवेला मान हलवायचा. बायको गेल्यापासून तो त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवला. बाटली रोज थोडी थोडी उतरत होती, तिकडे त्याने बघायचं सोडून दिलं.

आणि मग गुरुवारी सकाळी मादाम रफीका आल्या.

मादाम रफीका म्हणजे पाणी खात्याच्या प्रयोगशाळेच्या नव्या प्रमुख. कामात चोख, चालीत घाई. रस्त्यावरच्या सार्वजनिक नळांची तपासणी करायची, आणि कर्मचाऱ्याच्या घरचा नळ त्याने स्वतः तपासायचा नाही, असे खात्याचे दोन नियम. दोन्ही नियम त्या दिवशी नेमके बशीरच्या भिंतीपाशी येऊन भेटले.

"सी बशीर, तुमचं काम मी करते आज. तुम्ही नुसतं बघा."

"मादाम, आधी कॉफी घ्या."

"नमुना घेतल्यावर."

"मग घरातला नळ बघा ना. तो चांगला आहे."

"हा वाईट आहे का?"

बाईंनी बाटली भरली, गोळी टाकली, हलवली, उन्हात धरली. पाणी जसंच्या तसं. दुसरी गोळी टाकली. पाण्याने रंग बदलायचं नाव घेतलं नाही. बाईंनी बशीरकडे बघितलं, मग गल्लीच्या तोंडाकडे बघितलं. तिथे सांडपाण्याची नळी टाकायला महिनाभर खड्डा खणून ठेवला होता.

"सांडपाणी शिरलं असणार मुख्य नळात," त्या म्हणाल्या आणि खात्याच्या फिटरला फोन लावला. "तीजानी, या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद कर. आत्ता."

याच क्षणी बशीरने बोलायला हवं होतं. त्याने तोंड उघडलंही. पण तोंडातून आलं ते, "मादाम, शेजारचा नळ एकदा बघितला असता तर..."

"बघेन. आधी बंद करणं, मग विचारणं. तुम्हीच शिकवता ना नव्या लोकांना?"

त्यानेच शिकवलं होतं. शेजारचा नळ उघडेपर्यंत तीजानीने व्हॉल्व्ह फिरवून टाकला होता. नळातून नुसती हवा आली.

आता नेमकं त्याच दिवशी लल्ला मोंजियाच्या धाकट्या मुलाचं लग्न. अंगणात चुलीवर मोठमोठी पातेली, रव्याचा कुसकुस वाफेवर चढलेला, भांडी घासायला बायका बसलेल्या, आणि नळ कोरडा. मोंजिया हातात डाव घेऊन बाहेर आली. तेवढ्यात मशिदीच्या कर्ण्यावरून इमामसाहेबांनी सूचना दिली की गल्लीतलं पाणी कुणी पिऊ नये, साठवलेलं असेल तर ओतून द्यावं. बायकांनी भराभर बादल्या रस्त्यावर ओतल्या. मोंजियाच्या सुनेने घाबरून वाफेवरच्या पातेल्यातलं पाणीही ओतलं, वर रस्साही ओतला. इकडे तीजानीने गळती शोधायला खणायला सुरुवात केली आणि गळती नव्हती तिथे, बंद व्हॉल्व्हच्या अलीकडे, भरलेल्या मुख्य नळावर कुदळ घालून चांगली मोठी गळती तयार केली. पाणी पुरुषभर उंच उडालं. वरातीसाठी धुऊन ठेवलेली टॅक्सी चिखलाने माखली.

"बघा, नळ फुटलेला होता," मादाम रफीका समाधानाने म्हणाल्या.

"आत्ता फुटला, मादाम," तीजानी म्हणाला.

बशीर भिंतीला पाठ लावून उभा होता. सांगायला जितका उशीर होत होता तितकं सांगणं अवघड होत चाललं होतं. नोकरी जाईल, जाऊ दे. वर्षभराचाच प्रश्न होता. पण बाईंनी पेटीतून लाल चिकटपट्टी काढली होती. 'पिण्यास अयोग्य' असं तिच्यावर छापलेलं. ती त्यांनी टाकीवर लावली, बरोबर पाटीच्या खाली. आता जाणारा येणारा एका दमात वाचत होता : झकिया जझीरी, पिण्यास अयोग्य. बशीरला हुंदका आला, तो त्याने खोकल्यात दडवला.

शेवटी सुआद आली. कोपऱ्यावरची शिंपीण, कडेवर पोरगी. चेहरा पांढराफटक. "सी बशीर, हिने सकाळी झकियाखालाच्या नळाचे दोन पेले प्यायलेत. दवाखान्यात नेऊ का? काय होईल हिला?"

पोरगी मजेत बोट चोखत होती. पण सुआद तिला घेऊन दवाखान्याच्या वाटेला वळणार इतक्यात बशीर बोलला.

"काही होणार नाही. नळात काही नाही. टाकीत मिसळलंय. मी मिसळलंय."

मादाम रफीकांची मान गर्रकन वळली. "काय मिसळलंत?"

"झकिया."

तीजानीने कुदळ खाली ठेवली.

"म्हणजे तिच्या हातचं फुलपाणी," बशीर घाईने म्हणाला. "कुणी पीतच नव्हतं हो. एकही दुवा तिच्यापर्यंत जात नव्हती. मी किती दिवस बघायचं? क्लोरीन मीच बंद केलं. नळ फोडला तो तेवढा तीजानीने."

पुढचं बोलणं मादाम रफीकांनी आवाज न चढवता केलं, म्हणून जास्त लागलं. उघड्या टाकीत क्लोरीन नसताना उन्हात काय काय वाढतं, हे त्यांनी त्याला सांगितलं. त्याला ते सगळं पाठ होतं. उद्या हीच पोरगी आजारी पडली असती तर दुवा कुणाला पोचली असती, हेही विचारलं. त्यांनी टाकीचं खालचं बूच काढायला लावलं. सगळं पाणी भळाभळा गटारात गेलं. घरातून बाटली आणून तीही ओतायला लावली. तळाला चार थेंब होते. तेवढेच राहिले होते झकियाचे, आणि तेही बशीरने स्वतःच्या हाताने ओतले. चिखल, खड्डा, सांडलेला रस्सा, या सगळ्यावर संत्र्याच्या फुलांचा वास पसरला.

मग लल्ला मोंजिया पुढे आली. डाव अजून हातातच होता. बशीरने मान खाली घातली.

"माझा रस्सा गेला," ती म्हणाली. "ते बघू नंतर. आधी मला सांगा, फुलपाणी कशाला घातलंत?"

"तिला तसंच लागायचं ना. माझ्या पाण्याचा वास तिला सोसायचा नाही."

"कुणी सांगितलं?"

"सुरईत घालायची की रोज."

मोंजिया त्याच्याकडे बघतच राहिली. "अहो, सुरई आमच्यासाठी होती. आम्ही नाकं मुरडायचो. गुलाबी बशीरचं पाणी आलं म्हणून हसायचो. तुमच्या कामाला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून ती आमच्या पेल्यात फुलपाणी घालायची. ती स्वतः कधी प्यायली त्यातलं?"

"मग ती काय प्यायची?"

"स्वयंपाकघरातल्या नळाचं. उभ्या उभ्या, तोंड लावून. मी म्हटलं एकदा, बाई, कसं पितेस हे? तर म्हणाली, वास आला की समजतं, आज आमच्या माणसाने काम नीट केलंय."

बशीरच्या हातात रिकामी बाटली होती. त्याने ती खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"मला कधी बोलली नाही."

"आम्हालाही शपथ घातली होती. म्हणाली, त्यांना सांगू नका, डोक्यावर बसतील. आणि रोज म्हणायची, मेल्याला सांगितलं नाही तर हात न धुता भाकरीला लावतो, सगळी भाकरी कडू होते."

बशीर भिंतीला धरून खाली बसला आणि लोकांदेखत रडला. मादाम रफीका चिखलाकडे बघत राहिल्या. तीजानीने नळ जोडला, व्हॉल्व्ह उघडला. टाकी घासली, धुतली, पुन्हा भरली. क्लोरीन या वेळी मादाम रफीकांनी घातलं, नियमाएवढंच. बाटलीत गोळी पडली आणि पाणी गुलाबी झालं. त्यांनी लाल पट्टी काढली, टाकीवर राहिलेला चिकटा रुमालाने पुसला आणि म्हणाल्या, "लेखी ताकीद सोमवारी मिळेल. कॉफी देणार होतात ना?"

"देतो. आधी पाणी पितो."

त्याने साखळीचा पेला धुतला, भरला, ओठाला लावला आणि तसाच थांबला. वास ओळखीचा होता. इतकी वर्षं तो त्याने हातांवरून घासघासून काढला होता.

"प्या आता लवकर," मागून लल्ला मोंजिया म्हणाली. "रांग आहे."

रांगेत ती एकटीच होती. बशीर प्यायला, तोंड पुसलं, पेला तिच्या हातात दिला. तिने तो भरला, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, जास्वंदीकडे एकदा बघितलं आणि सगळा पेला रिकामा केला.